संक्षिप्त आवृत्ती

४ फेब्रुवारी

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दिली तेव्हा माझी बदली पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात केल्याचं सांगायचं होतं. त्यामुळे आज मी खुर्चीच्या कडेवरच बसले.

"मॅडम, वीस मार्चला मान्यतेची तपासणी आहे. प्रयोगशाळेत प्रोटोकॉलची पुस्तकं हवीत. चांगली, उपयुक्त. कपाट भरलेलं दिसलं पाहिजे."

उपयुक्त की भरलेलं, हे मी विचारलं नाही. खुर्ची मिळाल्यावर माणूस जरा मवाळ होतो.

माझ्या आधीच्या ग्रंथपालांनाही एकदा अशीच 'प्रोटोकॉलची पुस्तकं मागवा' अशी आज्ञा झाली होती. सरळमार्गी माणूस. हवी होती चाचण्यांच्या कृतींची, त्यांनी राजशिष्टाचाराची मागवली. मंत्र्यांच्या उजव्या हाताला कोण बसतं, परदेशी पाहुण्याशी हस्तांदोलन आधी कोणी करायचं, सगळं सचित्र. पाण्यातले जंतू मोजणाऱ्यांना त्याचा काय उपयोग, हे कोणी विचारलं नाही. चारही खंड अजून कपाटात आहेत. उद्या जंतू पाहुणे म्हणून आले तर त्यांना कुठं बसवायचं, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

त्या मानानं माझं नाक तल्लख. गेल्या वर्षीचं हिरवं पुस्तक माझीच निवड. एका जाडजूड ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती, आपल्या भाषेत, मोठा टाइप, गुळगुळीत कव्हर. मूळ ग्रंथात तीच गोष्ट तीन-तीनदा सांगितलेली. लेखकाला वाचकाच्या बुद्धीचा भरवसा नाही हे मी दोन पानांत ओळखलं आणि तो परत पाठवला. साहेबांनी बैठकीत नाव घेऊन माझं कौतुक केलं, माझ्या शिफारशीवरून बाहेरगावच्या सहाही शाखांना हिरव्याची एकेक प्रत गेली. त्या बैठकीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स माझ्याकडे आहे. दोन आहेत.

७ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत काय काय पुस्तकं हवीत ते विचारायला खाली गेले आणि तंतोतंतच्या तावडीत सापडले.

हे नाव मी ठेवलेलं आहे, तिला माहीत नाही. जुने तंत्रज्ञ काका निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी ही त्यांच्या जागी आली. काका पुस्तकाला हात लावत नसत. यंत्राच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं आणि जे कळायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हिचं उलट. हिरवं पुस्तक स्टँडवर उघडं, ओळीवर बोट, आणि ओळ संपल्याशिवाय बोट पुढं सरकत नाही.

"मॅडम, पान चोवीसवर 'थोडे हलवावे' म्हटलंय. थोडे म्हणजे किती वेळा?"

"थोडे म्हणजे थोडे," मी म्हटलं.

तिनं ते लिहून घेतलं!

मी निवडलेलं पुस्तक कुणीतरी खरंच वाचतंय, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या कामात काही राम नाही म्हणतात. जंतू वाढवून मोजायच्या काचेच्या बशांमध्ये रोज एक कोरी प्लेट ठेवायची असते. तिच्यावर नमुन्याचं पाणी घालायचंच नाही, नुसतं निर्जंतुक केलेलं जंतूंचं खाद्य आणि निर्जंतुक केलेलं पाणी. म्हणजे तिच्यावर काही उगवता कामा नये. उगवलं, तर आपलंच काहीतरी घाण आहे आणि त्या दिवसाचे सगळे निकाल कचऱ्यात. हिच्या कोऱ्या प्लेटवर आठवड्यातून दोन-तीनदा उगवतं. साहेब म्हणतात, "हात स्वच्छ नाहीत." ती प्रोबेशनवर आहे. तपासणीच्या आत सुधारली नाही तर घरी.

काय करणार! पुस्तक चांगलं असून भागत नाही, वाचणाराही तसा लागतो.

११ फेब्रुवारी

पुस्तकविक्रेता आला. त्याच्याकडे दोन विशेषणं आहेत, 'सर्वसमावेशक' आणि 'अद्ययावत'. जाड पुस्तक असेल तर पहिलं, बारीक असेल तर दुसरं.

दिवसभर चाळली. एकात सात जणांच्या प्रस्तावना, मजकुराला जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन प्रकरणं गाळलेली. दुसऱ्यात अवघड जागा आली की 'नेहमीच्या पद्धतीने करावे'. नेहमीची पद्धत माहीत असती तर माणूस पुस्तक कशाला उघडेल? तिसऱ्यात, 'येथे तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.' लेखकाच्या नावाखाली बारा पदव्या, आणि तज्ज्ञ आम्ही शोधायचा.

जाताना त्यानं पिशवीतून करडं पुस्तक काढलं. "मॅडम, तुमच्या त्या हिरव्याचं हे मूळ. तेवढं एकदा..."

"गेल्या वर्षीच परत केलंय," मी सांगितलं. तरी बेट्यानं ते टेबलावर ठेवलंच. "राहू द्या, पुढच्या आठवड्यात नेतो."

१२ फेब्रुवारी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. जेवताना म्हणाले, "आमच्यात सोपं आहे. पुस्तक मागून उघडायचं. 'बिघाड झाल्यास' हे प्रकरण जाड असलं की पुस्तक चांगलं. ज्यात बिघाडच नाही, त्या लेखकानं लिफ्ट पाहिलेलीच नाही."

यांना जगात सगळीकडे लिफ्टच दिसते.

१६ फेब्रुवारी

साहेबांना माझे निकष सांगितले. "सर, मी पुस्तक मागून उघडते. बिघाडाचं प्रकरण किती जाड आहे ते बघते." ते प्रभावित झाले. "तुमची दृष्टी आहे, मॅडम." मग म्हणाले, "पण शक्यतो एका उंचीची घ्या. तपासनीस आत बघत नाहीत, कणे बघतात."

संताप आला. बाहेर येऊन ठरवलं की निवडायची तर कसोटीवर घासून. उपयुक्त पुस्तक म्हणजे ज्याच्या आधारानं अडाण्यालाही काम जमतं. अडाणी शोधायला लांब जायला नको, मी आहे. विज्ञान शाळेत सुटलं ते सुटलंच. एकेक पुस्तक हातात घेऊन मी स्वतः कोरी प्लेट करून बघणार.

सुरुवात हिरव्यापासून. खरं सांगायचं तर (इथं नाही तर कुठं सांगणार) मला तंतोतंतला दाखवायचंय की याच पुस्तकावरून ग्रंथालयातली बाईसुद्धा स्वच्छ प्लेट काढू शकते.

१९ फेब्रुवारी

"तुम्ही करणार?" तिनं विचारलं.

"का? पुस्तक आहे ना समोर."

तिनं मला स्वतःचा धुतलेला कोट दिला. मी पान एकेचाळीस उघडलं. 'बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून तापमान १२१ अंशांवर लावावे व पंधरा मिनिटांनी यंत्र बंद करावे.' किती सुटसुटीत! एक शब्द जास्त नाही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढा कुकर. जुनाट आहे, काकांच्या वेळचा. खाद्याच्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, झाकणाचे स्क्रू आवळले, चकती १२१ वर लावून बटण दाबलं, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाली तेव्हा दाबाचा काटा नुकता कुठं हलायला लागला होता.

"मॅडम, कॉलेजात आमचं यंत्र नवीन होतं," ती म्हणाली. "सगळं आपलं आपण मोजायचं, शेवटी शिटी वाजवायचं. हे जुनं मला नीट..."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"पंधरा मिनिटांनी बंद करावे."

"मग करा बंद. पुस्तकापेक्षा जास्त शहाणपण कशाला?"

तिनं बंद केलं. बाकी सगळं मी केलं. हात सात वेळा धुतले.

२१ फेब्रुवारी

माझ्या कोऱ्या प्लेटवर चार ठिपके. गोल, पांढरे, टुमटुमीत.

तंतोतंत बराच वेळ वाकून बघत होती. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही हात किती वेळा धुतले होते?"

"सात वेळा!"

"मीही सातच वेळा धुते," ती म्हणाली, आणि हसायचं की नाही हे न कळून आम्ही दोघींनी ठिपके पुन्हा मोजले.

खोलीच घाणेरडी असणार. दुसरं काय?

२६ फेब्रुवारी

विक्रेत्यानं आणलेल्यांपैकी तपकिरी पुस्तकावरून केली. उगवलं नाही. निळ्यावरून केली. उगवलं नाही. खोली तीच, हात तेच, कोटही तोच. ही दोन पुस्तकं मला मुळीच आवडली नव्हती. नुसता पाल्हाळ. निळ्यात तर यंत्रातली हवा आधी बाहेर जाऊ द्या, काटा वर चढेपर्यंत थांबा, असं ओळीमागून ओळ बजावलंय, जसं काही वाचणारा शेंबडं पोर आहे. त्या नादात तासभर गेला.

हिरव्यावरून पुन्हा केली आहे. बघू.

२८ फेब्रुवारी

हिरव्यावर नऊ ठिपके.

दुपारी टेबलावरचं करडं पुस्तक उघडलं. उघडायचं नव्हतं. विक्रेता नेतो म्हणाला आणि नेलं नाही, त्याच्या नावानं बोटं मोडत उघडलं. तेच वाक्य शोधलं. हिरव्यात जे एका ओळीत आहे, त्याला इथं अर्धं पान: 'तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचल्यानंतरच वेळ मोजण्यास सुरुवात करावी. यंत्र तापण्यास लागलेला वेळ यात धरू नये.' पुढच्या पानावर तेच पुन्हा, चौकटीत. बिघाडाच्या प्रकरणात तेच तिसऱ्यांदा: 'कोऱ्या प्लेटवर वाढ दिसल्यास, वेळ केव्हापासून मोजला ते प्रथम तपासावे.'

तीनदा सांगितलं होतं त्या माणसानं. याच कारणासाठी मी ते परत पाठवलं होतं.

बाकी काही लिहवत नाही.

१ मार्च

विचार केला. भरपूर केला. संक्षेप मी केलेला नाही, तो कुणा संपादकानं केला. मी फक्त निवडलं. शिफारस केली, पण सही साहेबांची. शिवाय शिकलेल्या मुलीला एवढं कळायला नको? (मला कळलं नव्हतं. पण मी कुठं शिकलेली आहे?)

सकाळी लवकर जाऊन स्टँडवरचं हिरवं उचललं आणि करडं ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. काम झाल्याशी मतलब.

अकराच्या सुमारास तंतोतंत वर आली.

"मॅडम, हिरवं पुस्तक कुठं गेलं?"

"बाइंडिंगला दिलंय."

"बाइंडिंग चांगलं होतं की," ती म्हणाली आणि गेली.

८ मार्च

आठवडाभर एकही ठिपका नाही. साहेब खूश. मला बोलावून म्हणाले, "बघितलंत? गेल्या महिन्यात हलगर्जीपणाचा मेमो दिला, आणि हात आपोआप स्वच्छ झाले. माणसाला धाक हवा."

मी म्हटलं, "मग आता तिला कायम करणार ना, सर?"

"छे! तपासनिसांना मागच्या सहा महिन्यांची नोंद दाखवावी लागेल. जबाबदार व्यक्तीवर कारवाई केली, असं लिहिलेलं बरं दिसतं. महिनाअखेर संपवू."

म्हणजे उगवलं तेव्हा दोष तिचा, थांबलं तेव्हा श्रेय मेमोचं. साहेबांच्या प्रतिभेला तोड नाही. आणि मी काय केलं? "बरं, सर," म्हटलं. माझ्याही प्रतिभेला नाही.

१० मार्च

आज खाली गेले. ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पान एकशे बारा. चौकट."

मी समोरची एक बाटली उचलून पुसायला घेतली.

"पहिल्याच दिवशी वाचलं मी. मी सगळंच वाचते, मॅडम."

"मग साहेबांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना. म्हणाले, पुस्तकाला दोष देता? सहाही शाखांत तेच आहे, एकाची तरी तक्रार आहे का?" तिनं चिठ्ठी अंगठ्यानं दाबून बसवली. "म्हणाले, मॅडमनी निवडलंय ते, त्यांना विचारू का? मी नको म्हटलं."

"का?"

"वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. म्हणून वाट बघत होते."

ती हे रागानं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. रागावलेल्या माणसाशी माझं छान जमतं. ती नुसतं सांगत होती, 'थोडे म्हणजे किती' विचारलं होतं त्याच आवाजात.

११ मार्च

यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले.

"लिफ्ट अडकली ना, की बाहेर सगळे चूक कुणाची यावर भांडत बसतात. आतल्या माणसाला ते नको असतं. दार उघडा म्हणतो तो."

पुन्हा लिफ्ट. मी म्हटलं, "अहो, माझी नोकरी जाईल."

"जाणार नाही. अपमान होईल," हे म्हणाले आणि भात वाढून घेतला. नवरे किती सहज बोलतात बायकोच्या अपमानाबद्दल!

मग म्हणाले, "आणि अगं, त्या सहा शाखांत कोण आहे आत?"

याचा मी विचारच केला नव्हता. साहेबांचं ते 'एकाची तरी तक्रार आहे का' मला इतकं सोयीचं वाटलं होतं, की ती ढाल मी परस्पर स्वतःच्याही पुढं धरली होती.

१७ मार्च

तीन वेळा केबिनच्या दारापर्यंत गेले. एकदा साहेब फोनवर होते. एकदा जेवायला गेले होते. एकदा मोकळे होते. त्यांना विचारून आले की पडदे धुवायला टाकायचे का.

२० मार्च

आज तपासणी झाली.

तपासनीस बाई ठेंगण्या, पायात कापडी बूट. साहेबांनी त्यांना थेट कपाटापुढं उभं केलं. नव्या पुस्तकांचे छत्तीस कणे, एका उंचीचे. बाईंनी एक पुस्तक काढलं, त्याची पानं एकमेकांना चिकटलेली. दुसरं काढलं, तेही तसंच.

"यातलं वापरात कोणतं आहे?"

"सगळीच," साहेब म्हणाले.

बाई स्टँडपाशी गेल्या. करड्या पुस्तकाच्या पानांवर डाग, कडेला पेन्सिलीच्या खुणा. "हे वापरात आहे," त्या म्हणाल्या. "एक मार्चपासून तुमच्या कोऱ्या प्लेट स्वच्छ आहेत. त्याआधी काय झालं होतं?"

"मानवी चूक," साहेब म्हणाले. "संबंधितावर कारवाई केलेली आहे."

तंतोतंत भिंतीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते, कारण मला असं कुणी बघितलेलं आवडत नाही.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी "काय?" विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं. एकदा धीर करणं जमतं. दुसऱ्यांदा लगेच करायला लावणं हा छळ आहे.

मग सगळं सांगितलं. हिरवं पुस्तक पिशवीतून काढून दिलं. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली. बाईंनी दोन्ही वाचली, ओळीवर बोट ठेवून.

"हे पुस्तक का निवडलंत?"

"बारीक होतं," मी म्हटलं. "आणि दिसायला चांगलं."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिथं फक्त पाण्याची टाकी आहे.

२४ मार्च

मला मेमो मिळाला: 'निवडीत हलगर्जीपणा.' साहेब माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे कामं पटापट होतात. तंतोतंतचा मेमो मागे घेतला. बाईंनी अहवालात तिच्या नोंदवहीचं कौतुक केलंय, आणि तिला कायम करायचं म्हणून साहेबांनी मोठ्या मनानं बैठकीत जाहीर केलं, जणू त्यांचीच कल्पना.

ती वर आली. पेढ्यांऐवजी पुस्तकांची यादी घेऊन. "ताई, पुढच्या खेपेला निवडायच्या आधी आपण दोघी करून बघू," म्हणाली. 'मॅडम' कुठल्या क्षणी गळून पडलं, मला कळलं नाही.

सहाही शाखांना दोन्ही पानांच्या झेरॉक्स जोडून पत्रं टाकली. 'हिरवे पुस्तक वापरणे तत्काळ थांबवावे. कोऱ्या प्लेटवर वाढ होत होती का, ते कळवावे.' खाली माझी सही.

४ एप्रिल

पाच उत्तरं आली.

एकीनं लिहिलंय, पुस्तक सुस्थितीत आहे, वेष्टन अद्याप काढलेलं नाही. दुसरीनंही तेच, 'वेष्टन' ऐवजी 'प्लास्टिक'. तिसरीला पुस्तक मिळाल्याचं आठवत नाही. चौथीत ते तिथल्या साहेबांच्या टेबलाच्या पायाखाली आहे, काढलं तर टेबल डुगडुगतं, तरी काढायचं का ते कळवावं. पाचवीनं धन्यवाद मानून आणखी दोन प्रती मागवल्या आहेत.

पत्रं टाकल्यापासून मला झोप नव्हती, शहराशहरांतून माझ्या पुस्तकानं काय केलं असेल म्हणून. कुणी उघडलंच नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा, माझं पुस्तक कुणी वाचलं नाही याबद्दल देवाचे आभार मानले. मोठ्यानं हसले. तंतोतंतला जाऊन सांगितलं, तीही हसली. मग म्हणाली, "सहावी?"

९ एप्रिल

सहावीचं उत्तर आलं. टाइप केलेलं, चार ओळी. उतरवून घेते.

'आपल्या पत्रात नमूद केल्याप्रमाणे कोऱ्या प्लेटवर वाढ होत होती. सदर तंत्रज्ञ पुस्तकाबरहुकूम काम करीत असल्याचे सांगत असत. त्यांना डिसेंबरमध्ये हलगर्जीपणाबद्दल कामावरून कमी करण्यात आले आहे. त्यांच्या जागी अनुभवी व्यक्ती नेमली असून ते पुस्तक वापरत नाहीत, तरी आता काही अडचण नाही.'

आता काही अडचण नाही.

फोन करून त्या माणसाचा पत्ता मागितला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, "त्यांचं बरोबर होतं, हे सांगायचंय." तो म्हणाला, "मग पत्र टाका ना," आणि पत्ता सांगितला.

पत्र लिहायला बसले. तीन मसुदे झाले, तिन्ही सुटसुटीत, एकही शब्द जास्त नाही. तिन्ही फाडले. उद्याची रजा टाकली आहे. तंतोतंत म्हणाली, "मीही येते." सकाळी सातची गाडी आहे, पाच तासांचा रस्ता. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. पण जे बोलेन, ते तीन-तीनदा सांगेन.